नोकरी सोडून पुन्हा कॉलेज? राजीनामा पाठवण्याआधी करायची कामं

माझा राजीनामा ड्राफ्टमध्ये अकरा दिवस पडून होता. पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये सहा वर्षं झाली होती, हातात बी.कॉम.ची पदवी होती, आणि धाकट्या मावसभावाने एमबीएला प्रवेश घेतल्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. त्या रात्री मेल लिहिला. पाठवला मात्र नाही, कारण 'मला का जायचंय' हे एका ओळीत लिहायला गेले आणि ओळच जमेना. शेवटी मी एमबीए केलंच नाही. नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी केलं. त्या अकरा दिवसांत आणि पुढच्या वर्षभरात जे करत गेले, ते क्रमाने लिहिते. माझं उत्तर तुमचं असेलच असं नाही. क्रम मात्र मोडू नका, कारण बहुतेक जण शेवटची पायरी आधी चढतात: राजीनामा देतात आणि मग कोर्स शोधतात.

१. कुलूप, कौशल्य की कंटाळा

पुन्हा शिकावंसं वाटण्यामागे साधारण या तीनपैकी एक कारण असतं.

कुलूप म्हणजे पदवीशिवाय जे दार उघडतच नाही ते. एलएलबी नसेल तर वकिलीची सनद नाही. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा (किंवा नियमांत बसणारी पीएच.डी.) नसेल तर सहायक प्राध्यापक होण्याच्या गोष्टी करू नयेत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. कारखान्यात डिप्लोमावर लागलेल्यांना हे कुलूप चांगलं ठाऊक असतं: काम तेच, अनुभव जास्त, पण 'असिस्टंट मॅनेजर'च्या पाटीखाली नाव येतं ते बी.ई.वाल्याचं.

कौशल्याची गोष्ट वेगळी. जीएसटीचे रिटर्न, एक्सेल, प्रोग्रामिंग, इंग्रजीत बोलणं, सीएनसी चालवणं यासाठी दोन वर्षं आणि लाखो रुपये घालायची गरज नसते. सहा महिन्यांचा कोर्स आणि ऑफिसातला एखादा चांगला सीनियर पुरतो.

तिसरा कंटाळा. साहेब त्रास देतो, काम तेच तेच, मित्र पुढे गेले. कॉलेज हा यावरचा फार महागडा उपाय आहे. नोकरी बदलली तर तोच आराम फुकटात मिळतो, वर पगारही वाढतो.

तुमचं कारण यातलं कोणतं हे मनाला विचारू नका, मन खोटं बोलतं. जाहिरातींना विचारा. तुम्हाला हव्या त्या पदाच्या, तुमच्या शहरातल्या दहा ताज्या जाहिराती काढा आणि पात्रतेच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा. मला करारमदार आणि कंप्लायन्सच्या, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळते ना हे बघण्याच्या, कामात जायचं होतं. माझ्या दहापैकी आठ जाहिरातींत 'एलएलबी' होतं. एमबीए एकीत होतं, तेही 'असल्यास प्राधान्य' असं. आपण भलत्याच रांगेत उभे आहोत हे मला तेव्हा कळलं.

मग त्या खुर्चीत आज बसलेल्या दोन-तीन माणसांना गाठा. चहा पाजा आणि एवढंच विचारा: "तुमची पदवी तुम्हाला प्रत्यक्षात कुठे उपयोगी पडली?" संस्थेच्या समुपदेशकाला हा प्रश्न विचारू नका. प्रवेश झाले की त्याचं काम झालं.

२. पूर्णवेळ सोडून काय काय आहे

पुन्हा शिकायचं म्हणजे नोकरी सोडायची, हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसलंय. वाटा बऱ्याच आहेत, फक्त प्रत्येक वाटेची अट वेगळी.

दूरस्थ शिक्षण: नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, केंद्राचं मुक्त विद्यापीठ इग्नू १९८५ पासून. मुंबई विद्यापीठाचाही जुना दूरस्थ विभाग आहे, लोक अजून त्याला 'आयडॉल'च म्हणतात. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. पण ही मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, ती त्या कोर्सला आणि त्या काळापुरती असते. म्हणून यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि प्रवेशाचं वर्ष ही तिन्ही जुळतात का ते बघा. आणि इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा यांच्या पदव्या या मार्गाने मिळतच नाहीत. 'घरबसल्या बी.टेक.' अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा.

डिप्लोमावाल्यांसाठी: एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी वेगळ्या तुकड्या चालवायची मुभा काही महाविद्यालयांना दिली आहे. त्यात तासांच्या वेळा सोयीच्या असतात, अनुभवाची अट असते आणि कामाचं ठिकाण कॉलेजपासून किती लांब याचीही. चाकण, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत राहणाऱ्यांनी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन हे आधी विचारावं. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तो जुना रस्ता आहेच, पण तो पूर्णवेळ.

कायद्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण ते मी भोगलंय. कोणत्याही शाखेची पदवी, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राज्याची सीईटी, मग केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या. वयाची अडचण नाही, माझ्या वर्गात एक निवृत्त पोस्टमास्तर काका होते आणि हजेरीत ते सगळ्यांच्या पुढे. अडचण असते ती हजेरीची. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते आणि तास सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात. म्हणून नोकरदार सकाळचे वर्ग असणारी कॉलेजं शोधतात. "हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या" असं सांगणारे एजंट तेव्हाही होते, आजही आहेत. बार कौन्सिलच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर तर हा खेळ फारच धोक्याचा झालाय. त्यात बायोमेट्रिक हजेरी सांगितली आहे, आणि शिकताना नोकरी करत असाल तर ते जाहीर करणं व मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र दाखवणंही. माझ्या वेळी हे नव्हतं. आज मी प्रवेश घेत असते, तर ऑफिसचं पत्र हातात आल्याशिवाय फी भरली नसती.

'एक्झिक्युटिव्ह' नावाच्या कार्यक्रमांबद्दल एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: शेवटी पदवी मिळते की प्रमाणपत्र? दोन्हीला किंमत असते, पण कुलूप पदवीचं असेल तर प्रमाणपत्राने ते उघडत नाही.

पूर्णवेळ जाणं शहाणपणाचं असतं असेही प्रसंग आहेत. गेट या परीक्षेच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर एआयसीटीई दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन देते. गेटचे गुण तीन वर्षं चालतात, म्हणजे परीक्षा आज देऊन निर्णय पुढच्या वर्षी घेता येतो. एमबीए प्रवेशाच्या कॅटचं तसं नाही, ते गुण वर्षभरापुरतेच. एमबीए मात्र पूर्णवेळ करायचं तर कॉलेज नाव घेण्यासारखं हवं. गल्लीतल्या एमबीएसाठी चालू नोकरी सोडणं हे मला आजही कळत नाही.

आणि ज्यांची पदवी अर्धवट राहिलीय, दोन विषय अडकलेत, त्यांनी नवीन काही शोधण्याआधी जुन्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एक फेरी मारावी. नोंदणीपासून पदवी पूर्ण करायला किती वर्षांची मुदत आहे, अभ्यासक्रम बदलला असेल तर जुन्या पेपरला समकक्ष कोणता, हे खिडकीवर विचारा. दोन पेपरांत जे सुटतं त्यासाठी तीन वर्षं परत कशाला घालायची?

३. हिशेबाचं पान

इथे माझ्यातली अकाउंटंट जागी होते. लोक फक्त फी मोजतात. फी हा खर्चाचा लहान भाग असतो.

एक उदाहरण घेऊ. हातात येणारा पगार ३८,००० रुपये, मूळ वेतन २०,०००. दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए, एकूण फी ३,५०,००० धरू.

बुडालेला पगार: ३८,००० गुणिले २४, म्हणजे ९,१२,०००.
कंपनी पीएफमध्ये भरते ते १२ टक्के: २,४०० गुणिले २४, म्हणजे ५७,६००.
फी: ३,५०,०००.
एकूण १३,१९,६००.

यात घरभाडं, जेवण धरलं नाही, कारण ते नोकरी असतानाही होतंच. ते पुन्हा मोजलं तर एकच खर्च दोनदा लागतो. होस्टेलमुळे जो जास्तीचा भार पडेल तेवढाच मिळवा.

आता वसुली. समजा पदवीनंतर पगार ५५,००० मिळाला. आपण लगेच ५५ वजा ३८ करतो, १७,००० चा फायदा दिसतो आणि साडेसहा वर्षांत पैसे निघतात. चूक. दोन वर्षं त्याच नोकरीत राहिले असते तर पगारवाढी मिळून ४४,००० झाले असते. म्हणजे खरा फरक ११,००० चा. १३,१९,६०० भागिले ११,०००: एकशे वीस महिने. दहा वर्षं! मी हा आकडा वहीत लिहिला, नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "परत कर एकदा." परत केला, तेवढाच आला.

त्याच पानावर खाली दुसरा हिशेब होता: सकाळचं लॉ कॉलेज, फी, पुस्तकं, पेट्रोल, रिक्षा मिळून वर्षाला ४०,०००, तीन वर्षांचे १,२०,०००. तोच ११,००० चा फरक धरला तर अकरा महिन्यांत वसूल. तुमचे आकडे वेगळे येतील, पण वजाबाकी 'आज किती मिळतात' यातून करू नका, 'गेलो नसतो तर तेव्हा किती मिळाले असते' यातून करा.

सोडायचंच ठरलं तर चार गोष्टी तपासा.

ग्रॅच्युइटीला कायम कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षं लागतात. सूत्र सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. वरच्या उदाहरणात पाच वर्षांचे सुमारे ५७,७०० होतात. चार वर्षं तीन महिने झाले असतील तर नऊ महिने दम धरण्यात शहाणपण आहे.

पीएफ काढून फी भरू नका. पाच वर्षांच्या आत काढलात तर त्यावर कर बसतो, आणि म्हातारपणाची पुंजी जाते ती वेगळीच.

ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. त्यात आईवडील असतील तर ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी थांबावं लागतं, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे एचआरला राजीनाम्याच्या आधी विचारा.

शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे कोर्स अधिक एक वर्ष थांबतात, व्याज मात्र थांबत नाही. त्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. बँकेतला माणूस 'टॅक्स वाचतो' म्हणाला, तर आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते आधी बघा.

मुलींसाठी एक गोष्ट हमखास सुटते. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ती जाते. शिक्षणात खंड पडलेल्यांनी अटी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर नीट वाचाव्यात.

४. घरी परवानगी मागू नका, कामं वाटा

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मला लॉ करायचंय. सकाळी सव्वासातला निघावं लागेल."

त्या गहू निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "शीक गं, चांगलं आहे. पण डबे कोण करणार ते आधी सांग."

मला राग आला होता. आज वाटतं, त्या अख्ख्या वर्षात मला विचारला गेलेला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. "घरचे पाठीशी आहेत" या वाक्याला काही अर्थ नसतो. मंगळवारी सकाळी मुलीला व्हॅनपर्यंत कोण सोडणार, याला असतो. आम्ही कागदावर आठवडा मांडला. पोळ्या बाहेरून लावल्या, महिना अठराशे. भाजी रात्री चिरून ठेवायची. मुलीची शाळा नवऱ्याकडे. परीक्षेच्या महिन्यात पाहुणे नाहीत, हे आईंनीच सगळ्यांना फोन करून सांगितलं. तो अठराशेचा आकडा वरच्या हिशेबात धरा. बायकांच्या शिक्षणाच्या खर्चात हे पैसे कुणी लिहीत नाही.

५. तीन महिन्यांची रंगीत तालीम

ही पायरी कुणी करत नाही, आणि निर्णय खरा हिच्यावरच ठरतो. प्रवेश घेण्याआधी तेरा आठवडे असे काढा, जणू प्रवेश झालाय.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. आठवड्यातले सहा दिवस, रोज दोन तास, ठरलेल्या वेळी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर झालेल्या दिवसावर फुली मारा. तेरा गुणिले सहा, अठ्ठ्याहत्तर दिवस होतात. मी आधीच ठरवलं होतं की पंचावन्नच्या खाली आले तर विषय बंद. एकसष्ट आले. मार्चएंडिंगच्या दोन आठवड्यांत एकही फुली नव्हती, त्यावरून हेही कळलं की एप्रिल-मेच्या परीक्षेचा अभ्यास फेब्रुवारीतच उरकावा लागणार.

शेवटच्या रविवारी एक जुना पेपर घड्याळ लावून पेनाने लिहा. मी सहा वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलं नव्हतं. चाळिसाव्या मिनिटाला अंगठा वळायला लागला. परीक्षेत नापास होण्याचं कारण अंगठाही असू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पूर्णवेळ जाणार असाल तर याच तीन महिन्यांत पुढे ज्या पैशांवर जगायचं, त्या पैशांवर आजच जगून बघा. उरलेला पगार दुसऱ्या खात्यात टाका आणि ते कार्ड आईकडे द्या. दुसऱ्या महिन्यात कार्ड परत मागितलंत, तर उत्तर मिळालं.

६. कागद

कॉलेज संपून वर्षं झाली की कागद कुठे आहेत हे आठवत नाही. सहा महिने आधी फाइल करा: सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र (पदवीदान समारंभाला न गेलेल्यांचं बहुधा विद्यापीठातच पडून असतं), कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र, अधिवास, आणि लागू असेल तर जात वैधता व नॉन-क्रीमीलेअर. सेतू केंद्रावर जून-जुलैत रांगा असतात, जानेवारीत माणसं माशा मारत असतात. जानेवारीत जा.

लग्नानंतर नाव बदललेल्यांचा वेगळा घोळ. पदवीवर माहेरचं, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवा, आणि अभ्यासक्रमाचे क्रेडिट जिथे जमा होतात त्या 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चं खातं उघडण्याआधी नाव सगळीकडे सारखं करून घ्या. माझं एक आडनाव एका अक्षराने चुकलं होतं. ते दुरुस्त करायला तीन अर्धे दिवस रजा गेली.

प्रवेशाच्या वेळी मूळ कागद तपासायला द्या, ठेवायला देऊ नका. संस्थेने ते अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय.

७. ऑफिसात काय आणि कधी बोलायचं

पगारवाढीचं पत्र हातात येईपर्यंत अवाक्षर काढू नका. अप्रामाणिक वाटेल, पण 'ही आता अभ्यासाला लागली' असं एकदा डोक्यात बसलं की वाढ दुसऱ्याला जाते.

मग साहेबांची वेळ मागा आणि नेमकं मागा. मी म्हटलं होतं, "सर, मी नऊऐवजी साडेदहाला येईन आणि साडेसातला जाईन. महिनाअखेरीचे चार दिवस कॉलेजला सुट्टी, नऊलाच हजर. सत्राच्या परीक्षेला सहा दिवस रजा, ती माझ्या शिल्लक रजेतून." सर म्हणाले, "बघू." 'बघू' म्हणजे 'नाही' असतं, तेव्हा त्याच संध्याकाळी हेच सगळं मेलवर टाकलं आणि खाली लिहिलं की तीन महिने करून बघू, काम अडलं तर थांबू. दोन दिवसांनी 'ओके' आलं. ते दोन अक्षरी उत्तर मी छापून फाइलला लावलं.

कंपनी फी भरणार असेल तर आनंदाआधी बाँड वाचा: किती वर्षं, मध्येच सोडलं तर किती परत, आणि कंपनीनेच काढलं तर काय. सरकारी नोकरीत आधी ना हरकत, मग अर्ज, हा क्रम चुकला की पुढे त्रास होतो. तिथे अध्ययन रजेची तरतूद आहे, तिच्या अटी आस्थापना विभागात विचारा. खासगीत बिनपगारी रजा मिळते का ते राजीनाम्याआधी विचारून बघा. 'नाही' म्हणाले तरी बिघडत काहीच नाही.

नोटीस पीरियड उलटा मोजा. नव्वद दिवसांची नोटीस असेल आणि प्रवेशफेरीची तारीख पुढे सरकली (ती सरकतेच), तर ना नोकरी ना कॉलेज अशी वेळ येते. जागा मिळाल्याचं (वाटपाचं) पत्र हातात येईपर्यंत राजीनामा ड्राफ्टमध्येच राहू द्या.

८. परतीची तारीख

प्रवेश घेतला म्हणजे निर्णय संपला असं नाही. फी परत मिळण्याची मुदत असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे शून्य, अशी उतरंड आहे. यूजीसी त्या-त्या वर्षी वेगळं परिपत्रकही काढते, सीईटी कक्षाच्या फेऱ्यांचे नियम निराळे असतात, तेव्हा तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक बघा. तारीख काढा आणि कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. त्याच्या दोन दिवस आधी घरात सगळे बसून तीन गोष्टी बघा: किती तास बुडाले, ऑफिसात किती वेळा बोलणी खाल्ली, आणि झोप किती झाली. आमच्या कॅलेंडरवर ती तारीख दुधाच्या हिशेबाशेजारीच होती. त्या दिवशी आईंनी विचारलं, "मग, परत मागायचेत का पैसे?" माझे अकरा तास बुडाले होते. मी नाही म्हटलं आणि बारावा बुडू नये म्हणून अलार्म दहा मिनिटं आधीचा लावला.